‘माहीत नाही’ हे कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे?

अमडापूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. त्यांचा मुलगा पुण्यात शिकतो. सुटीत घरी आला तेव्हा फजरला उठला नाही, जुम्यालाही गेला नाही. वडिलांनी कारण विचारले तेव्हा म्हणाला, “अब्बा, अल्लाह नाही असं मी म्हणत नाही. आहे असंही म्हणत नाही. मला माहीत नाही. आणि माहीत नसताना माहीत आहे असं तुम्हाला खोटं सांगायचं नाही मला.” त्या दिवसापासून बाप-लेकाचे बोलणे बंद आहे. भगिनी विचारतात, मुलगा नास्तिक झाला असता तर निदान काय समजायचे ते कळले असते. पण हे मधलेच काय? याला खरोखर काही अर्थ आहे, की नमाज टाळण्यासाठी सापडलेली ही एक शिकलेली सबब आहे?

हे पत्र एका घरचे असले तरी प्रश्न आज पुष्कळ घरांचा आहे. कुठे तो बोलला जातो, कुठे मनातच राहतो. म्हणून या महिन्याचे सदर आम्ही त्याच्यासाठीच ठेवले आहे. मुलाला शिक्का मारण्याआधी तो काय म्हणतो ते नीट समजून घेऊ.

या भूमिकेला मराठीत अज्ञेयवाद म्हणतात. तिचे इंग्रजी नाव १८६९ साली थॉमस हक्सले या शास्त्रज्ञाने घडवले. पुराव्याने जे सिद्ध होत नाही ते आपल्याला कळले आहे असे म्हणू नये, एवढाच त्याचा आग्रह होता. हा हक्सले मजेखातर बोलणारा माणूस नव्हता. १८६० साली त्याचा जेमतेम चार वर्षांचा मुलगा तापाने दगावला. एका पाद्री मित्राने परलोकाचा दिलासा देणारे पत्र लिहिले. हक्सलेने मित्राचे आभार मानले, पण दिलासा हवा आहे म्हणून एखादी गोष्ट खरी मानणार नाही, असे कळवले. त्याचा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. पण पोटच्या मुलाच्या मृत्यूनंतरही स्वतःशी खोटे न बोलणाऱ्या माणसाला ‘सबब सांगणारा’ म्हणता येत नाही, हे मान्य केले पाहिजे.

हा विचार आपल्या मुलखालाही नवा नाही. अमडापूरहून खामगावमार्गे अकोला फार लांब नाही. त्या अकोल्यात गोपाळ गणेश आगरकर काही काळ शाळेत शिकले. पुढे पुण्यात ते ‘केसरी’चे पहिले संपादक झाले, १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. ईश्वराच्या बाबतीत ते अज्ञेयवादी म्हणूनच ओळखले जातात. बालविवाह आणि विधवांचे केशवपन यांविरुद्ध त्यांनी इतके रोखठोक लिहिले, की विरोधकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ साली वारले तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. आगरकरांचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. पुढे त्यांच्याकडे परत यायचे आहे.

आणि इस्लामी परंपरेला तरी हे नवे आहे का? अकायदच्या ग्रंथांत ‘लाअदरिय्या’ नावाच्या एका गटाची चर्चा शेकडो वर्षांपासून होत आली आहे. ‘ला अदरी’ म्हणजे मला माहीत नाही. वस्तूंचे खरे ज्ञान होऊ शकते का, या प्रश्नावर हा गट कायम ‘माहीत नाही’ म्हणे. त्यांचा संशय केवळ ईश्वराबद्दल नव्हता, सगळ्याच ज्ञानाबद्दल होता. चौदाव्या शतकातल्या तफ्ताज़ानींच्या ‘शरहुल अकायद’ या ग्रंथात प्रारंभीच त्यांचा समाचार घेतला आहे, आणि हा ग्रंथ आपल्या देशातल्या मदरशांच्या दर्से निज़ामीत शिकवला जात आला आहे. म्हणजे पुण्याला शिकायला गेल्यामुळेच मुलाच्या कानावर काही भलते पडले, असे समजण्याचे कारण नाही. हा प्रश्न आपल्या पोथ्यांतही आहे.

उलट ‘ला अदरी’ हे शब्द आपल्याकडे आदराचेही आहेत. मदीनेचे इमाम मालिक यांच्याबद्दल प्रसिद्ध आहे, की दूरवरून आलेल्या एका माणसाने चाळीसेक प्रश्न विचारले आणि त्यांतल्या बहुतेकांना इमामांनी ‘मला माहीत नाही’ एवढेच उत्तर दिले. माणूस चकित झाला, पण इमामांना त्यात कमीपणा वाटला नाही. त्याही आधी, हज़रत जिब्रील यांनी कियामतची वेळ विचारली तेव्हा विचारणाऱ्यापेक्षा आपल्याला अधिक माहिती नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणणे हा गुन्हा नाही. कित्येकदा तो इल्मचाच भाग असतो.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की ‘माहीत नाही’ हे एकच वाक्य तीन निरनिराळ्या प्रश्नांना दिले जाते आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ बदलतो.

पहिला प्रश्न: मला स्वतःला हे कळले आहे का? याला ‘नाही’ म्हणणे हे अर्थपूर्ण उत्तर आहे, प्रामाणिकही असू शकते. मनात शंका येतात, त्या तोंडाने बोलणेही जड वाटते, अशी तक्रार घेऊन काही सहाबा प्रेषितांकडे आले होते. त्यांना त्यांनी हाकलले नाही. ही अस्वस्थता ईमानची खूण आहे, असे सांगून त्यांना धीर दिला. हज़रत इब्राहीम (अ.) यांनीही मृतांना तू कसे जिवंत करतोस ते मला दाखव, अशी विनंती केली होती. तुझा विश्वास नाही का, असे विचारल्यावर विश्वास आहे, पण मनाला समाधान हवे आहे, असे ते म्हणाले. कुरआनमध्ये हा प्रसंग सूरह बकरामध्ये आहे, आणि तिथे त्यांना रागावलेले नाही; उत्तर दिलेले आहे.

दुसरा प्रश्न: हे कोणालाही कधी कळू शकेल का? इथे ‘शक्यच नाही’ असे म्हणणारा माणूस आपल्याला मोठा नम्र वाटतो. पण नीट पाहिले तर तो फार मोठा दावा करत असतो. ईश्वर आहे की नाही हे मला ठाऊक नाही, पण असलाच तर तो आपली ओळख माणसाला पटवून देऊ शकत नाही, एवढे मात्र ठाऊक आहे, असा त्याचा अर्थ होतो. हे त्याला कुठून कळले? वही येऊ शकते की नाही, हा तर मुळातला वाद. तो न तपासताच निकालात काढणे याला ‘माहीत नाही’ म्हणता येणार नाही. सूरह जासियामध्ये ज्यांनी हेच जग सर्व काही आहे आणि काळच आपल्याला मारतो असे ठामपणे सांगितले, त्यांच्यावर कुरआनचा आक्षेप असा आहे, की त्यांच्याजवळ याचे ज्ञान नाही, ते केवळ अंदाजाने बोलतात. ज्ञानाशिवाय बोलू नये ही अट कुरआनने घातली आहे. ती नाकारणाऱ्याला लागू आहे तशी ‘कळणे शक्यच नाही’ म्हणणाऱ्यालाही लागू आहे, आणि अर्थात आपल्यालाही.

बुलडाणा जिल्ह्यातच याचे एक उदाहरण आहे. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आपण पाहिले असेल. ते ज्वालामुखीने झाले असावे, असे पुष्कळ काळ मानले जात होते. उल्केच्या आघाताचीही शंका होती. नक्की कोणाला माहीत नव्हते. १९७०च्या दशकात तिथून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड आघाताशिवाय तयार न होणारी काच सापडली आणि प्रश्न सुटला. विवराचे वय मात्र आधी सुमारे पन्नास हजार वर्षे मोजले गेले होते, अलीकडच्या मोजणीत ते पाच लाखांच्या पुढे गेले. म्हणजे ‘अजून नक्की माहीत नाही’ हे तिथे अर्थपूर्ण उत्तर होते; पण ते का अर्थपूर्ण होते? कारण त्याच्या मागे खोदणे चालू होते. कोणीच न खोदता ‘हे कळणारच नाही’ म्हणत बसले असते, तर ते वाक्य विज्ञानही ठरले नसते आणि नम्रताही नाही.

तरी लोणार आणि आपला प्रश्न यांत एक मोठा फरक आहे. विवर कशाने झाले हे न कळल्याने लोणारच्या कोणा शेतकऱ्याचे काही अडले नाही. त्याला त्या बाबतीत कोणताच निर्णय घ्यायचा नव्हता. ईश्वराचा प्रश्न असा नाही. म्हणून तिसरा प्रश्न: तोपर्यंत जगायचे कसे?

याचे उदाहरण विवरात नाही, शेतात आहे. अमडापूर-चिखलीकडची बहुतेक शेती पावसावरची. मृग लागला, आभाळ भरून आले, तरी यंदा पाऊस नीट होईल की नाही हे कोणालाच माहीत नसते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. तो सल्ला मानून थांबणारा शेतकरी शहाणा आहे. पण त्याचे थांबणे बघा. बियाणे घरात आणलेले असते, वखरणी झालेली असते, रोज तो आभाळाकडे पाहतो, ओल किती खोल गेली ते माती उकरून बघतो. आपण कशाची वाट पाहतो आहोत हे त्याला माहीत असते, आणि हंगाम संपत जातो हेही. दुसरा एखादा शेतकरी म्हणाला, की पावसाचे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून मी पेरतही नाही आणि पेरत नाही असेही म्हणत नाही, तर गाव काय म्हणेल? दिवाळीला त्याच्या वावरात पीक नसेल. तोंडाने तो मध्ये उभा होता, पण वावराने निर्णय देऊन टाकलेला असेल.

अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्स यांनी १८९६ साली हाच मुद्दा मांडला होता, की काही निवडी अशा असतात ज्यांत न निवडणे हीही एक निवड असते. फजरची वेळ आली की माणूस उठतो किंवा झोपून राहतो. ‘मी अनिश्चित आहे’ अशी तिसरी नमाज नाही. मापात पाप करायची संधी आली की माणूस कोणी पाहतो आहे असे समजून वागतो किंवा नाही असे समजून. विचारात मध्यम जागा आहे. दिवसात ती नाही.

म्हणून आमचे उत्तर असे: अज्ञेयवाद हे ‘मला काय कळले आहे’ या प्रश्नाचे अर्थपूर्ण उत्तर आहे. ‘काय करू’ या प्रश्नाचे ते उत्तर नाही. शोधात असताना माणूस तिथे थांबू शकतो. तिथे कायमचे घर बांधले, की ती नकाराची जागा होते, फक्त पाटीवर नाव वेगळे असते.

इथे मुलाकडून दोन आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला असा, की या युक्तिवादाने अल्लाह आहे हे कुठे सिद्ध झाले? नाही झाले. आम्ही तसा दावाही करत नाही. याने एवढेच दिसते, की तटस्थ राहिल्याचे समाधान घेता येत नाही. शोध घेणे भाग आहे. पुढचे पाऊल, म्हणजे सृष्टीकडे पाहणे, कुरआन वाचणे, प्रेषितांचे जीवन तपासणे, हे त्याने स्वतः टाकायचे आहे. ते त्याच्यासाठी दुसरा कोणी टाकू शकत नाही.

दुसरा आक्षेप आगरकरांचा. ईश्वराबद्दल काही न ठरवताही माणूस सत्याने आणि परोपकाराने जगू शकतो. आगरकर जगले की नाही? जगले, आणि त्यांच्या सचोटीचा आम्हाला आदर आहे. पण आगरकर ‘माहीत नाही’वर जगले नाहीत, हे लक्षात घ्यावे. विधवेचे केस जबरदस्तीने कापणे अन्याय आहे की नाही, ‘मला नक्की सांगता येत नाही’, असे ते कधी म्हणाले नाहीत. तिथे ते इतके निश्चित होते की त्यासाठी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा सोसली. ही निश्चिती प्रयोगशाळेत सापडलेली नव्हती. दुर्बळावर अन्याय करू नये, कोणी विचारणारा नसला तरी करू नये, हे माणसाच्या आत इतके पक्के कोणी लिहिले? आम्ही याला फितरत म्हणतो. अज्ञेयवाद्याने दुसरे उत्तर द्यावे, आम्ही ऐकू; पण हा प्रश्न त्याच्या वहीत उधार आहे, एवढे त्याने मान्य करावे.

आता वडिलांसाठी थोडे. मुलाने खोटे बोलून तुमच्या शेजारी सफमध्ये उभे राहणे सोपे होते. त्याने ते केले नाही. त्याच्या बोलण्यात सबब किती आणि सचोटी किती, हे अबोल्याने कळणार नाही. इमाम गज़ाली यांच्यासारखा विद्वानही तरुणपणी सुमारे दोन महिने अशाच संशयात सापडला होता. आपल्या डोळ्यांवर आणि बुद्धीवरही त्यांचा विश्वास उरला नव्हता. ‘अल-मुन्किज़ मिनद्दलाल’ या आत्मकथनात त्यांनी ते लपवलेले नाही. तिथून आपण दलिलींनी नव्हे तर अल्लाहने हृदयात टाकलेल्या प्रकाशाने बाहेर आलो, असे ते सांगतात. जो प्रकाश आपल्या हातात नाही, तो अबोल्याने आणता येणार नाही. तेव्हा बोलणे आधी सुरू करावे. त्याला विचारावे, तुला नेमके काय पटत नाही? ते कळावे म्हणून तू काय वाचतो आहेस, कोणाला विचारतो आहेस? आणि तोपर्यंत कोणत्या गोष्टी पक्क्या धरून जगणार आहेस? तिन्ही प्रश्नांना तो उत्तर शोधत असेल, तर मुलगा हरवलेला नाही, वाटेत आहे. तिन्हींना खांदे उडवत असेल, तर सबब कोणती ते त्याचे त्यालाच दिसू लागेल.

आणि एक गोष्ट आपण सगळ्यांनी स्वतःला विचारावी. आम्ही या घराबद्दल बोलत नाही, एकंदर आपल्याबद्दल बोलतो. मुले आपले शब्द कमी ऐकतात, वागणे जास्त पाहतात. बापाच्या तोंडी ‘कियामतला हिसाब द्यायचा आहे’ असते आणि वडिलोपार्जित जमिनीची वाटणी निघाली, की बहिणींना गाडीत बसवून हक्कसोडपत्रावर सही करायला नेले जाते. कुरआनने मुलीचा हिस्सा नेमून दिला आहे. तो देताना आपला हात अडखळतो तेव्हा आपणही हातानेच ‘हिसाब होईल की नाही, माहीत नाही’ म्हणत असतो. मुलगा ते तोंडाने बोलला, इतकाच फरक. पोरांच्या मनातल्या शंका पुण्याच्या पुस्तकांतून किती येतात आणि तहसीलच्या ओट्यावरून किती येतात, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

मुलालाही एक सांगणे आहे. न कळणारा माणूस खोटे न बोलताही दुआ मागू शकतो. संध्याकाळी अनोळखी गावात एखाद्या घरासमोर उभा असलेला वाटसरू आत कोणी आहे की नाही हे जाणत नाही. तरी तो “कोणी आहे का?” म्हणून हाक देतो. त्या हाकेत त्याने काही खोटा दावा केलेला नसतो. उत्तर येईपर्यंत थांबण्याची तयारी फक्त दाखवलेली असते. ‘तू असलास तर मला वाट दाखव’ एवढे रात्री एकांतात म्हणायला कोणतीही प्रामाणिक शंका आड येत नाही. हाकच न देता आत कोणी नसावे किंवा असले तरी कळायचे नाही, असे म्हणून पुढे निघून जाणाऱ्याला मात्र ‘मी विचारले होते’ असे म्हणता येणार नाही.

अल्लाह आपल्या सर्व घरांतल्या शोधणाऱ्यांना वाट दाखवो, आणि ज्यांना वाट मिळाली आहे त्यांना तिच्यावर चालण्याची तौफीक देवो.